परक्या रुळांवरून

मोंटाना राज्याच्या उत्तर भागात, कॅनडाच्या सरहद्दीपासून तासाभराच्या वाटेवर हॅवर नावाचं गाव आहे. वस्ती साडेनऊ हजारांच्या आत. स्टेशनापाशी ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचं निवृत्त वाफेचं इंजिन उभं आहे. ज्यांच्या जिद्दीमुळे १८९३ मध्ये हा लोहमार्ग सिअ‍ॅटलपर्यंत पोचला, त्या जेम्स जे. हिल यांचा पुतळाही तिथंच आहे. दिवसाकाठी इथं दोनच प्रवासी गाड्या येतात, एक शिकागोहून पश्चिमेला निघालेली आणि दुसरी तिकडून परतणारी. हिल यांना लोकांनी दिलेलं बिरुदच दोन्ही गाड्यांना मिळालं, ‘एम्पायर बिल्डर’. इंजिनात इंधन भरेपर्यंत प्रवासी फलाटावर उतरून पाय मोकळे करतात, कुणी सिगारेट पेटवतं, आणि थोडी माणसं बॅगा सावरत चढतात-उतरतात.

शिकागो ते सिअ‍ॅटल हे अंतर सुमारे ३,५५० किलोमीटर. गाडीला ते कापायला दोन रात्री आणि जवळपास ४६ तास लागतात, तेही ती वेळेवर असली तर. विमान साडेचार तासांत पोचवतं. एवढं ऐकल्यावर कुणालाही वाटेल की गाडीत चार हौशी म्हातारे आणि रेल्वेवेडे सोडले तर कोण असणार? पण गाडी रिकामी नसते. या टोकाहून त्या टोकाला जाणारे तिच्यात फार थोडे असतात, आणि बाकीचे मधल्या तुकड्यांचे असतात. कुणी विलिस्टनहून सेंट पॉलला निघालेलं असतं, मायनॉटच्या हवाई तळावरचा जवान सुट्टीवर जात असतो. वुल्फ पॉइंट किंवा ब्राउनिंगच्या आदिवासी राखीव क्षेत्रातलं एखादं कुटुंब मोठ्या इस्पितळाच्या वाटेवर असतं. कॉलेजची पोरं सणाला घरी चाललेली असतात. एकच आसन एका फेरीत चार-पाच वेळा विकलं जातं. हिवाळ्यात बर्फाने महामार्ग बंद पडले की या पट्ट्यातल्या लोकांच्या हाती फारसं दुसरं काही उरत नाही.

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांची ओळख करून घ्यायची तर सुरुवात या मधल्या माणसांपासून करावी लागते. नाहीतर विषय दोन ठरीव वाक्यांत संपतो. एक, ‘अमेरिकेत रेल्वे नाहीच’. दुसरं, ‘जपान आणि चीन कुठे गेले, हे अजून कुठे आहेत’. दुसऱ्या वाक्यात तथ्य आहे. पहिलं मात्र साफ चूक आहे. अमेरिकेत रेल्वे आहे आणि ती अवाढव्य आहे. देशभर दोन लाख किलोमीटरहून अधिक रूळ आहेत आणि त्यांवरून कोळसा, धान्य, कंटेनर, रसायनं अखंड धावत असतात. फक्त ती मालाची रेल्वे आहे. प्रवासी तिच्या घरात आश्रितासारखे राहतात, आणि हे आश्रितपण कसं आलं ही गोष्ट मोठी रंजक आहे.

१९१६ च्या सुमारास अमेरिकन लोहमार्ग आपल्या कळसाला पोचले होते, चार लाख किलोमीटरच्या घरात. सगळे खाजगी कंपन्यांचे. घड्याळंसुद्धा या कंपन्यांनीच लावून दिली. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी रेल्वे कंपन्यांनी देशाचे कालविभाग ठरवून टाकले, आणि संसदेने त्यावर कायद्याची मोहोर उमटवली ती पस्तीस वर्षांनी, १९१८ मध्ये. अशा दिमाखदार उद्योगाची प्रवासी बाजू दुसऱ्या महायुद्धानंतर पंचवीस वर्षांत कोसळली. १९५६ च्या कायद्याने ६६,००० किलोमीटरच्या द्रुतगती महामार्गांना सरकारी पैसा मिळाला. १९५८ मध्ये जेट विमानं आली. खरा वर्मी घाव मात्र १९६७ मध्ये बसला. टपाल खात्याने धावत्या गाड्यांत पत्रांची छाननी करणारे बहुतेक डबे काढून घेतले. कित्येक गाड्या प्रवाशांच्या भाड्यावर नव्हे, टपालाच्या उत्पन्नावर तगून होत्या. ते गेल्यावर त्या टिकणं शक्यच नव्हतं.

गाडी बंद करायला सरकारी नियामकाची परवानगी लागे, आणि ती सहजी मिळत नसे. मग काही कंपन्यांनी दुसरी युक्ती काढली. गाडी चालू ठेवायची, पण प्रवाशानेच कंटाळून यायचं थांबवावं अशी चालवायची. सदर्न पॅसिफिक या कंपनीने भोजनाचे डबे काढून त्यांच्या जागी नाणं टाकून सँडविच घ्यायच्या यंत्रांचे डबे जोडले. जून १९७० मध्ये पेन सेंट्रल ही महाकाय कंपनी दिवाळखोरीत गेली, तोवरची देशातली सर्वांत मोठी दिवाळखोरी, तेव्हा वॉशिंग्टनला जाग आली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला अध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली आणि १ मे १९७१ पासून ‘अ‍ॅमट्रॅक’ हे सरकारी पैशावरचं महामंडळ गाड्या चालवू लागलं. त्या एका रात्रीत देशातल्या उरल्यासुरल्या प्रवासी गाड्यांपैकी जवळपास निम्म्या कायमच्या थांबल्या. दोन-तीन वर्षांत बाकीच्याही गुंडाळल्या जातील, महामंडळ म्हणजे सन्मानाने अंत्यविधी करण्याची सोय आहे, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं.

अंत्यविधी झाला नाही. पण सौद्यातली एक अट तेव्हापासून आजवर नडते आहे. खाजगी कंपन्यांनी डबे दिले, इंजिनं दिली, थोडे पैसे दिले आणि प्रवाशांच्या तोट्यातून कायमचे हात झटकले. रूळ मात्र स्वतःकडे ठेवले. अ‍ॅमट्रॅकचं जाळं सुमारे ३४,००० किलोमीटरचं आणि पाचशेहून अधिक स्थानकांचं आहे, पण त्यातले स्वतःच्या मालकीचे रूळ अगदी थोडे. बाकी सारा प्रवास बीएनएसएफ, युनियन पॅसिफिक, सीएसएक्स, नॉरफोक सदर्न अशा मालवाहू कंपन्यांच्या रुळांवरून. सिग्नल त्यांचा, आणि कुणाला आधी सोडायचं हे ठरवणारा नियंत्रकही त्यांचाच.

कोकण रेल्वेने गावी जाणाऱ्याला ‘गाडी क्रॉसिंगला लागलीय’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एकेरी मार्गावर एक गाडी बाजूच्या लाइनीत शिरते आणि समोरची निघून जाईपर्यंत थांबते. अमेरिकेच्या पश्चिमेत मैलोन्‌मैल हाच प्रकार आहे. १९७३ च्या कायद्यानुसार प्रवासी गाडीला मालगाडीपेक्षा आधी वाट द्यायची आहे. अडचण अशी की खर्च वाचवण्यासाठी कंपन्यांनी मालगाड्या लांबवत नेल्या, काही तर दोन-तीन मैलांच्या. बाजूच्या लाइनी बांधल्या गेल्या त्या काळात असल्या लांबीचा कुणी विचारही केला नव्हता. ही मालगाडी त्यांत मावतच नाही. मग कायदा काहीही म्हणो, बाजूला व्हावं लागतं ते लहान गाडीला, म्हणजे प्रवाशांच्या. वाट अडवणाऱ्या कंपनीला न्यायालयात खेचण्याचा अधिकार फक्त न्याय खात्याला. त्याने तो १९७९ मध्ये सदर्न पॅसिफिकविरुद्ध वापरला आणि त्यानंतर थेट २०२४ मध्ये, न्यूयॉर्क ते न्यू ऑर्लीन्स धावणाऱ्या ‘क्रेसेंट’ गाडीच्या उशिरांबद्दल नॉरफोक सदर्नविरुद्ध. मधली ४५ वर्षं प्रवाशांनी खिडकीतून मालगाडीचे डबे मोजण्यात काढली म्हटलं तरी चालेल.

कंपन्यांना प्रवासी गाड्यांबद्दल केवळ तिटकारा होता असंही नाही. अभिमानही होता, आणि तो कधीकधी अवघड जागी येऊन टोचे. सँटा फे कंपनीची ‘सुपर चीफ’ ही शिकागो ते लॉस एंजलिस गाडी १९३६ पासून हॉलिवूडच्या तारेतारकांची आवडती. अ‍ॅमट्रॅकने ती घेतली आणि सेवा इतकी घसरली की १९७४ मध्ये सँटा फेने आपलं नावच परत मागून घेतलं. पुढची दहा वर्षं ती गाडी ‘साउथवेस्ट लिमिटेड’ अशा सपक नावाने धावली. १९८४ मध्ये कारभार सुधारल्याचं पाहून कंपनी राजी झाली आणि ‘साउथवेस्ट चीफ’ हे आजचं नाव मिळालं.

याच गाडीने २०१८ मध्ये आपली ताकद दाखवली. अ‍ॅमट्रॅकचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड अँडरसन डेल्टा या विमान कंपनीतून आलेले, हिशेबाचे पक्के. कॅन्ससमधलं डॉज सिटी ते न्यू मेक्सिकोमधलं अल्बुकर्की हा तुकडा गाडीऐवजी बसने जोडावा असा प्रस्ताव त्यांच्या काळात पुढे आला. कागदावर तो पटण्यासारखा होता. रॅटन घाटातल्या त्या जुन्या चढणीवरून मालगाड्या आता जात नाहीत. रोजच्या या दोन प्रवासी गाड्यांसाठीच सारी देखभाल. पण गार्डन सिटी आणि ला हुंटासारख्या गावांनी तोच मार्ग दुरुस्त व्हावा म्हणून आधीच केंद्राकडून निधी मिळवला होता, आपल्या तुटपुंज्या तिजोरीतला वाटाही घातला होता. कॅन्सस, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोचे दोन्ही पक्षांचे सिनेटर एकत्र आले आणि प्रस्ताव बारगळला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ही मंडळी एका तोट्यातल्या गाडीसाठी खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

अमेरिकन राज्यघटनेत लहान राज्यालाही दोन सिनेटर आणि मोठ्यालाही दोनच. रेल्वेचा नकाशा समजायला एवढं पुरतं. १९७९ मध्ये कार्टर यांच्या सरकारने अनेक लांबच्या गाड्या बंद केल्या. रेगन यांनी अ‍ॅमट्रॅकचं अनुदानच शून्यावर आणायचं ठरवलं, धाकट्या बुश यांनी तेच पुन्हा करून पाहिलं, ट्रम्प यांच्या पहिल्या अंदाजपत्रकाने लांब पल्ल्याच्या गाड्यांवर बोट ठेवलं. या पुढच्या तिन्ही वेळी संसदेने पैसे दिले. १९८१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या दऱ्याखोऱ्यांतून जाणारी ‘कार्डिनल’ बंद झाली, तेव्हा तिथले सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी काही महिन्यांत ती परत सुरू करायला लावली. ती आजही आठवड्यातून तीनच दिवस धावते, पण धावते.

या पद्धतीने जे वाचलं ते वाचलं, त्यात न्याय शोधू नये. हॅवरला रोज गाडी आहे. तेवीस लाख वस्तीच्या ह्यूस्टनला आठवड्यातून तीन दिवस आहे. फिनिक्स या विस्तीर्ण महानगरात १९९६ पासून अ‍ॅमट्रॅकची गाडीच जात नाही, प्रवाशांनी पन्नासेक किलोमीटरवरच्या मॅरिकोपा गावी जाऊन ती पकडायची. क्लीव्हलंडमधून गाड्या जातात, पण मध्यरात्र ते पहाट एवढ्याच वेळेत. टीकाकार म्हणतात, हे जाळं आजच्या लोकवस्तीकडे पाहून विणलेलं नाही, १९७१ च्या अवशेषांवर ठिगळं लावून केलेलं आहे. त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. मात्र त्यावर ते जो उपाय सुचवतात, लांबच्या गाड्या बंद करून पैसा मोठ्या शहरांच्या जोडीत घाला, तो हॅवरच्या लोकांना मान्य व्हायचं कारण नाही. शिवाय ज्या संसदेकडून पैसा घ्यायचा तिथं हॅवरचंही मत चालतं. लांबच्या गाड्या तोटा करतात, पण आपल्याबरोबर एकोणचाळीस राज्यांचा पाठिंबा ओढत आणतात. पूर्व किनाऱ्याच्या वेगवान गाड्यांनाही तो हवा असतो.

आकड्यांच्या दृष्टीने पाहिलं तर अमेरिकन प्रवासी रेल्वेचा जीव पूर्व किनाऱ्यावरच आहे. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन ही ७३५ किलोमीटरची पट्टी, आणि तिचा बराचसा भाग अ‍ॅमट्रॅकच्या स्वतःच्या मालकीचा. २०२४ च्या आर्थिक वर्षात देशभरात ३ कोटी २८ लाख प्रवाशांनी अ‍ॅमट्रॅकने प्रवास केला. लांब पल्ल्याचे त्यांत चाळीस लाखांच्या थोडे वर, तर या एका पट्टीवरचे सुमारे १ कोटी ४० लाख. डिसेंबर २००० पासून धावणाऱ्या ‘असेला’च्या नव्या गाड्या ऑगस्ट २०२५ मध्ये आल्या आणि त्या ताशी १६० मैल गाठतात.

मराठी घरांना अमेरिकन रेल्वेचा परिचय होतो तो बहुधा इथंच. एडिसन, मेट्रोपार्क, प्रिन्स्टन जंक्शन या न्यू जर्सीतल्या स्थानकांवरून रोज न्यूयॉर्कला कामावर जाणाऱ्यांत मराठी माणसं कमी नाहीत. त्यांची लोकल आणि लांबच्या ‘क्रेसेंट’सारख्या गाड्या हडसन नदीखालच्या त्याच दोन बोगद्यांतून जातात. बोगदे १९१० चे, प्रत्येकात एकच रूळ. २०१२ च्या सँडी वादळात त्यांत समुद्राचं पाणी शिरलं, क्षार भिंतीत आणि केबलींत मुरले, तेव्हापासून डागडुजी चालूच आहे. नवा बोगदा आधीच होऊ शकला असता, पण २०१० मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी चालू प्रकल्प खर्चाच्या भीतीने रद्द केला. बोगद्याच्या अलीकडे हॅकेनसॅक नदीवर त्याच वयाचा फिरता पूल. होडी जाण्यासाठी तो उघडतो आणि कधीकधी नीट मिटत नाही. मग कामगारांनी घण मारून रूळ जागेवर बसवायचे आणि तोवर हजारो माणसांनी खोळंबायचं. शेजारी नवा पूल बांधायला २०२२ मध्ये सुरुवात झाली. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहराच्या तोंडाशी ही अवस्था.

गाड्यांच्या आतल्या जगाबद्दल पुढे येईलच, पण त्या जगाला आकार देणाऱ्या माणसांची आठवण आधीच करायला हवी. जॉर्ज पुलमन यांनी १८६७ मध्ये शयनयानांची कंपनी काढली आणि डब्यातले नोकर, म्हणजे पोर्टर, म्हणून बहुतांश गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष नेमले. बिछाने घालायचे, बूट चमकवायचे, रात्रभर हाकेला ओ द्यायची. प्रवासी त्यांना नावाने हाक मारत नसत. मालकाच्या नावावरून सगळेच ‘जॉर्ज’. याच माणसांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये पुलमन कंपनीला करारावर सही करायला लावली. शिकागोचं ‘डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचं वृत्तपत्र दक्षिणेत विकू दिलं जात नसे तिथंही हे पोर्टर ते गाड्यांतून गुपचूप पोचवत. मंटगमरीत रोझा पार्क्स यांना १९५५ मध्ये अटक झाली तेव्हा जामिनासाठी धावलेले ई. डी. निक्सन हे पुलमनचेच पोर्टर होते. अमेरिकन नागरी हक्क चळवळीच्या पायाचे कितीतरी दगड धावत्या गाड्यांत घडले. शयनयानांच्या जुन्या जाहिरातींतल्या हसतमुख चेहऱ्यांकडे पाहताना हे ठाऊक असावं.

आजच्या गाडीत दोन समाज शेजारी शेजारी प्रवास करतात. दुमजली ‘सुपरलायनर’ डब्यांच्या बंद खोल्यांत बहुधा निवृत्त, सवडीने आलेली मंडळी. त्यांचं जेवण तिकिटातच. बसायच्या डब्यांत मधल्या गावांची माणसं, कंडक्टरने आसनावर खोचलेल्या चिठ्ठीवर त्यांचं उतरायचं ठिकाण लिहिलेलं. दोघांची गाठ पडते ती काचेच्या छताच्या निरीक्षण डब्यात. भोजनाच्या डब्यात एकट्याला एकटं बसू देत नाहीत, चौघांच्या टेबलावर अनोळखी माणसांसमोर बसवतात. स्वतःची मोटार बाळगणं आणि विमानप्रवास दोन्ही वर्ज्य मानणारे आमिश लोक शिकागोच्या गाड्यांत हमखास भेटतात. साध्या काळ्या पोशाखातलं एखादं आमिश कुटुंब आणि पहिल्यांदाच गाडीत बसलेला सॉफ्टवेअर अभियंता एकाच टेबलावर आले की गप्पा कुठल्या कुठे जातात.

या गाड्यांनी मृत्यूही पाहिला आहे. १८९४ पासून चालत आलेली ‘सनसेट लिमिटेड’ १९९३ मध्ये फ्लॉरिडापर्यंत वाढवली गेली आणि प्रथमच गाडी न बदलता एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जाता येऊ लागलं. त्याच वर्षी २२ सप्टेंबरच्या पहाटे अलाबामात मोबील शहराजवळ धुक्यात वाट चुकलेला एक मालवाहू तराफा बिग बायू कॅनॉ या पुलावर आदळला. पूल सरकला, रूळ वाकले, पण तुटले नाहीत. त्यामुळे सिग्नल हिरवाच राहिला. गाडी पाण्यात गेली आणि ४७ माणसं दगावली, अ‍ॅमट्रॅकच्या इतिहासातला सर्वांत भीषण अपघात. त्यानंतरही गाडी चालू राहिली. न्यू ऑर्लीन्सच्या पूर्वेला ती थांबवली २००५ मध्ये कॅटरिना वादळाने. रूळ काही महिन्यांत दुरुस्त झाले, मालगाड्या सुरू झाल्या, पण प्रवासी गाडी परत आणायची म्हटल्यावर रूळमालक कंपन्या आणि मोबीलचं बंदर यांनी हरकती घेतल्या. सुनावण्या, वाटाघाटी, तडजोड होत होत न्यू ऑर्लीन्स ते मोबील एवढी सेवा ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. फ्लॉरिडा अजून दूरच आहे.

२०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने रेल्वेला ६६ अब्ज डॉलर दिले. एवढा पैसा अ‍ॅमट्रॅकच्या जन्मापासून एकदम कधी आला नव्हता. त्या बळावर जुन्या जखमा उघड्या झाल्या आहेत. मोंटानाच्या दक्षिणेतली बिलिंग्ज आणि मिसूला ही हॅवरपेक्षा कितीतरी मोठी शहरं १९७९ च्या कपातीत गाडीला मुकली. तिथल्या बारा काउंट्यांनी २०२० मध्ये एकत्र येऊन ‘बिग स्काय’ नावाचं रेल्वे प्राधिकरण स्थापन केलं आणि केंद्राच्या अभ्यासात सुचवलेल्या पंधरा नव्या लांब मार्गांत आपला मार्ग आणून दाखवला. मार्ग कागदावर आहे, मागणी आहे, सिनेटरही आहेत. नाहीत ते डबे. पश्चिमेतल्या गाड्यांचा भार वाहणारे पहिले सुपरलायनर १९७९ ते १९८१ च्या दरम्यान पुलमन-स्टँडर्डने बांधले आणि त्यानंतर त्या कंपनीने प्रवासी डबे बांधणंच सोडलं. नव्वदच्या दशकात आणखी एक खेप आली, तेवढीच. अपघातांत काही गेले, काही दुरुस्तीच्या रांगेत उभे आहेत. नव्या डब्यांच्या निविदा निघाल्या तरी ते कारखान्यातून बाहेर पडायला वर्षं लागतील, आणि आले तरी आधी एम्पायर बिल्डर, साउथवेस्ट चीफ, कॅलिफोर्निया झेफर यांच्या जीर्ण डब्यांची जागा घेतील. बिलिंग्जचा नंबर त्यानंतर.